भोसरीच्या टूलरूममधल्या काकांस

तीर्थस्वरूप काकांस,
सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानले की तुम्ही "हं, चहा घे" म्हणून विषय संपवता. म्हणून खेळण्यातले अस्सल नि नकली सैनिक ओळखायला शिकवल्याबद्दलचे आभार चारचौघांत लिहितोय. नात वाचून दाखवेलच. तुमचं नाव मुद्दाम घातलं नाही. घातलं तर उद्यापासून लोक पिशव्या घेऊन जिन्यात उभे राहतील, आणि तुमची दुपारची झोप मला माहीत आहे.

बाकीच्यांसाठी थोडं सांगतो. मी जुने प्लॅस्टिकचे सैनिक जमवतो. आपण लहानपणी दिवाळीच्या किल्ल्यावर मावळ्यांच्या शेजारी दुर्बीणवाले नि बाझुकावाले बिनदिक्कत उभे करायचो ना, त्यांचेच हे थोर पूर्वज. इंग्लंडची ब्रिटन्स १८९३ पासून शिशाचे पोकळ सैनिक ओतायची. पन्नाशीच्या दशकात तिकडे प्लॅस्टिक शिरलं: हेराल्ड छापाचे पहारेकरी, मग डोकी नि पट्टे बदलता येणारे स्वॉपेट, १९७१ पासून धातूच्या तळावरचे डीटेल. शिवाय एअरफिक्स, टिम्पो आणि अमेरिकेची मार्क्स. यातल्या बहुतेकांच्या स्वस्त नकला हाँगकाँगमध्ये निघाल्या आणि जगभर गेल्या. पुण्यात यातलं काय सापडेल याचा नेम नाही. बुधवारी नि रविवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात कुलपं, नळाच्या तोट्या आणि घड्याळांच्या पट्ट्यांच्या ढिगात एखादा पाय मोडका हायलँडर, म्हणजे स्कॉटिश सैनिक, मिळतो. नाहीतर कुणाच्या तरी परदेशी जाऊन आलेल्या मामाची ट्रंक उघडते.

हे सगळं घेऊन मी तुमच्याकडे आलो ते खरं तर तुमचं भिंग मागायला. तुम्ही एक सैनिक उचललात आणि त्याचा चेहरा पाहिलाच नाही. सरळ उलटा केलात. मला कंपन्या पाठ, गणवेश पाठ, पलटणी पाठ. तुम्हाला त्यातलं काही ठाऊक नव्हतं आणि ठाऊक करून घेण्यात रसही नव्हता. "डाय कुठे उघडलाय ते बघ आधी," म्हणालात. डाय म्हणजे प्लॅस्टिक भरायचा पोलादी साचा; टूलरूममध्ये तुम्ही आयुष्यभर तेच केलेत.

खांद्यावरून, टोपीच्या कडेनं, बंदुकीच्या नळीवरून उतरणारी ती बारीक रेघ म्हणजे पार्टिंग लाइन. डायचे दोन भाग तिथे मिटतात. मूळ डाय करणारा ती रेघ शिवणीवर, घडीत, पट्ट्याखाली लपवतो, कारण मूळ पुतळा घडवणाऱ्याशी त्याचं बोलणं झालेलं असतं. नक्कल करणाऱ्यासमोर तयार सैनिक असतो आणि घाई असते. रेघ गालावरून गेली तर गेली. हात आणि छाती यांच्यामधल्या पोकळीचंही तसंच. डाय उघडताना जे अडकेल ते तो भरून टाकतो, आणि सैनिकाच्या काखेत प्लॅस्टिकचा पडदा तयार होतो. गेली कित्येक वर्षं मी त्या पडद्याला 'भोंगळ काम' म्हणत होतो. तुम्ही म्हणालात, "भोंगळ कसलं? स्लाइडचा खर्च वाचवलाय पठ्ठ्यानं." स्लाइड म्हणजे डायमधला सरकता तुकडा.

मग पँटोग्राफ. तुम्ही वहीच्या पाठकोऱ्या पानावर काढून दाखवलात: एका टोकाला सुई मॉडेलवर फिरते, दुसऱ्या टोकाला कटर पोलादात तेच कोरत जातो. सुईच्या टोकाची गोलाई जेवढी, त्याहून बारीक खाच तिला जाणवतच नाही. म्हणून नकलेत बोटं एकमेकांना चिकटतात, बकल नुसता फुगवटा होतो, डोळे पुसट. हे इतक्या साध्या शब्दांत मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं, आणि माझ्याकडे या विषयावरची महागडी इंग्रजी पुस्तकं आहेत.

श्रिंकेजचं तर मी येईल त्याला ऐकवत सुटलोय. पॉलिथीन डायमध्ये थंड होताना आकसतं. तुम्ही हिशेबाला दोन टक्के धरलेत. मूळ सैनिक ५४ मिलिमीटर. त्याच्याच मापावर डाय केला आणि आकसण्याची सूट दिली नाही, तर नक्कल साधारण ५३ वर येते. त्या नकलेची नक्कल ५२ च्याही आत. म्हणजे व्हर्निअर (बारीक माप घ्यायचं साधन) लावला की पिढी कळते! लगेच दम दिलात तोही लक्षात आहे: एकाच पोझमधले दोन घ्यायचे, टोपीपासून मोजायचं नाही, तळापासून बकलपर्यंत मोजायचं, आणि नक्कल करणारा शहाणा असेल तर त्यानं पँटोग्राफवरच माप वाढवून घेतलेलं असतं, तेव्हा मापावर उड्या मारायच्या नाहीत.

तुमचं हे 'उड्या मारायच्या नाहीत' मला सगळ्यात उपयोगी पडलं. तळावर 'हाँगकाँग' दिसलं की जमवणारे नाक मुरडतात. पण ब्रिटन्सनं साठच्या दशकात आपल्या हेराल्ड छापाचं उत्पादनच हाँगकाँगला नेलं, तेव्हा अस्सल मालावरही ते नाव आहे. 'एम्पायर मेड' हे शब्दही हाँगकाँगच्याच मालावर असायचे. उलट नकलेच्या तळावर बरेचदा काहीच नसतं. एका तळावर भिंग धरून तुम्ही मला एक गुळगुळीत चौकोन दाखवलात, बाकी तळ खरखरीत. "इथे नाव होतं. घासलंय." पोलिसांनी लावला नसता असा शोध!

फ्लॅशचं तसंच. कडेनं पापुद्रा सुटला म्हणजे नक्कल, असं विक्रेते छातीठोकपणे सांगतात. तुम्ही सांगितलंत की तो डायच्या वयाचा पुरावा. मूळ डायसुद्धा लाखभर शॉट मारल्यावर, म्हणजे तितक्यांदा प्लॅस्टिक भरल्यावर, पापुद्रा सोडतो. तळावरच्या इजेक्टर पिनच्या (सैनिक डायमधून बाहेर ढकलणाऱ्या) गोल खुणा दोन सैनिकांवर वेगळ्या दिसल्या तर डाय वेगळा असेल, किंवा त्याच डायमधली शेजारची कॅव्हिटी, म्हणजे पोकळी.

काकूंची माफी मात्र मला मागायलाच हवी, कारण पाण्याच्या चाचणीला तुम्ही त्यांचं पातेलं घेतलंत. पॉलिथीन तरंगतं, पीव्हीसी बुडतं. जुने सेल्युलोज ॲसिटेटचेही बुडतात, आणि त्यांना कधी कधी व्हिनेगरचा वास येतो. डीटेलला पातेल्याची गरज नाही, त्याचा धातूचा तळच बोलतो. नकलांना बहुधा प्लॅस्टिकचा तळ. रंग उडत असेल तर पाण्यात घालू नये, हे वाचणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. पॉलिथीनला रंग मुळात नीट धरत नाही, त्यामुळे रंगाचे टवके उडणं हेही काही नकलेचं लक्षण नव्हे.

त्या रात्री घरी गेल्यावर मी नकलांचा डबा पुन्हा उघडला. आजवर तो अस्सल मालाबरोबर चुकून मिसळू नये एवढ्याचसाठी वेगळा होता. आता कपाटात मूळ सैनिक आणि त्याच्या नकला एका ओळीत उभ्या आहेत, मोठ्याकडून लहानाकडे. तुम्ही त्यातला एक हिरवा, तोंड पुसलेला, गुडघ्यावर बसलेला उचलून म्हणाला होतात, "हा ज्यानं केला ना, त्याला पार्टिंग कळत होतं. बघ, मूळ माणसानं बंदुकीवर घेतलीय, यानं बाहीवर वळवली." मूळ कंपनीच्या कामावर तुम्ही एवढं बोलला नाहीत. हाँगकाँगच्या कुठल्याशा कारखान्यातल्या त्या डायमेकरला तुमच्याइतकी जाणकार दाद क्वचितच कुणी दिली असेल.

आयुष्यभर बादल्यांचे नि बाटल्यांच्या झाकणांचे डाय केलेल्या माणसानं माझ्या या नादाला एकदाही 'पोरखेळ' म्हटलं नाही, याबद्दलही आभार. आमच्या घरी तो शब्द रोज वापरात आहे.

आता काम. परवाच्या रविवारी एक घोडेस्वार मिळालाय. स्वार तरंगतो, घोडा बुडतो. खोगिरातलं भोक बुजवून शेजारी दुसरं पाडलंय, आणि घोड्याच्या पोटावर तीन पिन दिसतात, त्यातली एक अर्धीच. मला वाटतं दोघे वेगवेगळ्या घरचे आहेत, पण तुम्ही बघितल्याशिवाय डब्यावर चिठ्ठी चिकटवत नाही. उद्या संध्याकाळी घेऊन येतो. पातेलं माझ्या घरून आणीन, काकूंना सांगा.

आपला,
तिसऱ्या मजल्यावरचा
कोथरूड, पुणे