विषय: बोटुकलीच्या (माशांच्या बोटभर पिल्लांच्या) पिशवीतच माशांच्या उवा निघाल्या, पैसे परत करा

नमस्कार साहेब,

हिंगण्याकडे आमचं शेततळं आहे, तुमच्याकडून रोहू-कटल्याची 5 हजार बोटुकली घेतली, पेमेंट पूर्ण अ‍ॅडव्हान्स. गाडी आली त्याच सकाळी व्हिडिओ काढून तुमच्या कस्टमर केअरला व्हॉट्सअ‍ॅप केला तर उत्तर काय, "उवा तुमच्या तळ्यातल्या आहेत, बगळ्यांमुळे येतात."

आता बगळा बांधलेल्या पिशवीत काहून शिरेल जी? व्हिडिओ नीट पाहा. ऑक्सिजनच्या पिशवीची गाठ पण सुटलेली नाही आणि आत पन्नीला चिकटून चपट्या, गोल, पारदर्शक उवा सरकतायत, दोन काळे डोळे स्पष्ट दिसतात, मसुराच्या दाण्याएवढी एक तं रोहूच्या कल्ल्यामागेच बसलेली आहे. आरगुलसची, म्हणजे याच माशांच्या उवेची, अंडी फुटून एवढी मोठी ऊ व्हायला आठवडे लागतात, रस्त्यात होत नाही, म्हणजे ती तुमच्याच टाक्यात पोसलेली. आणि हे मत्स्यबीज मी तळ्यात सोडलंच नाही! तळं धुऊन, वाळवून, चुना मारून, बोअरचं पाणी भरून तयार होतं, पण हे पाहून सगळा माल वेगळ्या हौदात टाकला. आता तिथे पिल्लं भिंतीला अंग घासतायत, ऊ सोंड खुपसते तिथे लाल ठिपके, त्यावर बुरशी, आणि मरतुक चालू.

तेलंगखेडीच्या फिशरी कॉलेजात दाखवलं, कल्ले खरवडून मायक्रोस्कोपखाली पाहिले तर ट्रायकोडिना नावाचे बारीक परजीवी गरगर फिरत होते, वरून कटल्याच्या कल्ल्यात डॅक्टिलोगायरस, म्हणजे कल्ल्यातले जंत. ट्रायकोडिना एवढे वाढतात ते गर्दीत अन् घाण पाण्यात. पॅकिंगआधी मासे मिठाच्या पाण्यात थोडा वेळ बुडवून काढायला, चार मासे उलटून पाहायला किती वेळ लागतो हो?

कमाल म्हणजे तुमचा फील्डवाला म्हणतो आमचीच औषधाची बाटली घ्या, एका डोसात साफ. ऊ मरेल बाप्पा, पण भिंतीला चिकटलेली अंडी कोण मारणार, ती फुटली की पुन्हा तेच. आमच्याच खर्चानं तुमचा आजार बरा करायचा का?

मला बदली माल नको, त्याच टाक्यातला येईल. बीज आणि गाडीभाडं दोन्हीचे पैसे खात्यात जमा करा, आठवडाभरात नाही झाले तर ग्राहक आयोगात जातो. पिशवीतल्या उवा स्पिरिटच्या बाटलीत ठेवल्या आहेत, कोणाला पाहायच्या असतील तर पाठवा.