अमेरिकेत निर्णय कोणी घेतला, तेही छापा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

१९ सप्टेंबर २०२५ ला अमेरिकेचे अध्यक्ष ट्रम्प यांनी एच-वन-बी व्हिसाच्या (परदेशी तज्ज्ञांना तिथे नोकरीसाठी मिळणाऱ्या परवान्याच्या) नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लावले. त्या शनिवार-रविवारी आपल्याकडच्या बातम्यांत कुठे ‘नवा कायदा’ होता, कुठे ‘अध्यादेश’, तर कुठे नुसते ‘अमेरिकेचा निर्णय’. ती अध्यक्षांची उद्घोषणा, म्हणजे त्यांच्या सहीने निघालेला जाहीर आदेश, होती. मी मंत्रालयातून कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झाले आहे. शासन निर्णय, अधिसूचना, अध्यादेश आणि अधिनियम यांपैकी हातात नेमका कोणता कागद आहे आणि तो कोण रद्द करू शकतो, यावर माणसाचे काम अडते किंवा सुटते, हे मी नोकरीभर पाहिले आहे.

माझा भाचा न्यू जर्सीहून गणपतीला आला होता, घटस्थापना करून परतणार होता. शनिवारी सकाळीच त्याला मित्रांचे फोन सुरू झाले: आपल्या रविवारी सकाळी साडेनऊच्या आत तिकडे पोहोच, नाहीतर दारे बंद. मिळेल त्या भावाने तिकीट काढून तो दुपारी निघाला. विमान हवेत असताना व्हाइट हाउसचा खुलासा आला, की ज्यांच्याकडे आधीच व्हिसा आहे त्यांना हे शुल्क लागू नाही. खुलासा उशिरा आला, त्यात वृत्तपत्रांचा दोष नाही. पण पहिल्या तासापासून सांगता येण्यासारखे बरेच होते. एच-वन-बी हा प्रकार १९९० च्या कायद्याने अमेरिकी संसदेने, म्हणजे काँग्रेसने, निर्माण केला. वर्षाला ६५ हजार आणि तिथल्या विद्यापीठातून उच्च पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २० हजार, ही मर्यादाही संसदेचीच. अध्यक्ष ती योजना पुसू शकत नाहीत. परदेशी नागरिकांचा प्रवेश रोखण्याचा जो अधिकार १९५२ च्या कायद्याने त्यांना दिला आहे, तो त्यांनी वापरला, आणि उद्घोषणेत मुदत बारा महिन्यांची घातली. एवढ्या चार ओळी छापल्या असत्या, तर किती घरांत त्या रात्री नीट झोप लागली असती.

आपल्याकडचा अध्यादेश राष्ट्रपती किंवा राज्यपाल काढतात, त्याला कायद्याचेच बळ असते, आणि सभागृह भरले की तो सहा आठवड्यांत संमत व्हावा लागतो, नाहीतर संपतो. अमेरिकी अध्यक्षांना असा अधिकारच नाही. त्यांचा कार्यकारी आदेश आपल्या शासन निर्णयाच्या जवळचा: घटनेने किंवा कायद्याने दिलेल्या अधिकारापुरताच चालतो, पुढचा अध्यक्ष एका सहीने तो मागे घेऊ शकतो आणि न्यायालय तो अडवू शकते.

जन्मसिद्ध नागरिकत्वाच्या बाबतीत तर वाचकांची फारच ओढाताण झाली. तिथे तात्पुरत्या व्हिसावर किंवा बेकायदा राहणाऱ्यांच्या बाळांना जन्माने नागरिकत्व नाकारणारा अध्यक्षांचा आदेश २० जानेवारीला निघाला, २३ जानेवारीला सिॲटलच्या न्यायाधीशांनी तो तात्पुरता रोखला. २७ जूनला सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी सांगितले, की खालच्या न्यायालयाची मनाई सरसकट देशभर, दाव्यात नसलेल्यांनाही, लागू करता येणार नाही. आदेश घटनेत बसतो की नाही, यावर त्या दिवशी न्यायालय काहीच बोलले नव्हते. तरी ‘नागरिकत्व गेले’ अशी समजूत पसरली. कचराळी तलावावर सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या गटातल्या एका बाईंची सून तेव्हा सातव्या महिन्यात होती. डोहाळजेवणाची तयारी सोडून त्या वकिलांचे नंबर शोधत होत्या. १० जुलैला न्यू हॅम्पशायरच्या न्यायाधीशांनी अशा सर्व बाळांच्या वतीने सामूहिक दावा मान्य करून आदेश पुन्हा रोखला. ही बातमी त्यांना मुलाच्या फोनवरून कळली, पेपरातून नाही. याचे मला फार वाईट वाटते.

१ ऑक्टोबर २०२५ पासून तिथले सरकारी कामकाज ठप्प झाले, आणि मला रोज एकच प्रश्न विचारला जात होता: दोन्ही सभागृहांत अध्यक्षांच्याच पक्षाचे बहुमत, मग सरकार बंद कसे? शंभर जणांच्या सिनेटमध्ये, म्हणजे वरिष्ठ सभागृहात, त्यांचे ५३ सदस्य होते. पण तिथे बहुतेक विधेयकांवर चर्चा थांबवून मतदान घ्यायचे, तर ६० मते लागतात. म्हणून प्रतिनिधिगृहाने, म्हणजे कनिष्ठ सभागृहाने, संमत केलेले खर्चाचे विधेयक सिनेटमध्ये अडले. आपल्याकडे लोकसभेत अर्थसंकल्प पडला तर सरकार जाते. तिथे अध्यक्ष चार वर्षांसाठी निवडलेले असल्यामुळे खुर्चीवर राहतात आणि कचेऱ्यांचे पैसे थांबतात. त्यातही भेद आहे. व्हिसाचे अर्ज तपासणारे नागरिकत्व खाते मुख्यतः शुल्कावर चालते, ते चालू राहिले. पण एच-वन-बीसाठी आधी लागणारे कामगार खात्याचे प्रमाणपत्र अडले होते. ज्याच्या मुलाची नोकरी बदलत होती, त्याला हे कळायला हवे होते.

मंत्र्यांविषयीही असेच. तिथला मंत्री संसदेचा सदस्य असूच शकत नाही. मार्को रुबिओ यांनी परराष्ट्रमंत्री होण्यासाठी सिनेटची जागा सोडली. आपल्याकडे मंत्र्याला सहा महिन्यांत सदस्य व्हावे लागते, म्हणून वाचक तोच नियम तिकडे गृहीत धरतो.

महाभियोगाच्या बातम्या तर पायरी सांगितल्याशिवाय छापूच नयेत. एप्रिलमध्ये मिशिगनचे प्रतिनिधी श्री ठाणेदार यांनी ट्रम्प यांच्याविरुद्ध महाभियोगाची कलमे मांडली. मराठी माणूस म्हणून आपण त्याची ठळक बातमी केली, ते योग्यच. पण एका सदस्याने प्रस्ताव मांडणे ही सुरुवात असते. प्रतिनिधिगृहाने साध्या बहुमताने तो संमत केला, तर महाभियोग झाला असे म्हणतात, आणि त्यानंतरही खुर्ची जात नाही. सिनेटमध्ये दोनतृतीयांश मते लागतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये ५७ जणांनी ट्रम्प यांना दोषी ठरवले, ४३ जणांनी नाही, आणि ते सुटले. आजवर एकाही अध्यक्षाला सिनेटने पदावरून काढलेले नाही. निक्सन यांनी १९७४ मध्ये प्रतिनिधिगृहात मतदान होण्याआधीच राजीनामा दिला.

ठाण्यात, ऐरोलीत, वाशीत ज्यांची मुले तिकडे आहेत अशा घरांसाठी ही बातमी परदेशाच्या पानावरची नसते. माझी विनंती एवढीच, की अशा प्रत्येक बातमीखाली दोन ओळी द्याव्यात: निर्णय अध्यक्षांचा, संसदेचा की न्यायालयाचा, आणि पुढे कोणाकडे जायचा आहे. एक लाख डॉलरच्या शुल्काविरुद्ध ३ ऑक्टोबरला सॅन फ्रान्सिस्कोच्या संघीय न्यायालयात कामगार संघटना आणि इतरांनी दावा लावला आहे. त्यात आदेश होईल तेव्हा तो खालच्या न्यायालयाचा की वरच्या, तात्पुरता की अंतिम, आणि कोणाकोणाला लागू, हे पहिल्याच परिच्छेदात यावे.

आपली,
एक निवृत्त कक्ष अधिकारी
नौपाडा, ठाणे (प.)
१५ ऑक्टोबर २०२५