‘रिप्लेसमेंट’ म्हणजे नाटक पुन्हा बसवणं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पुनरुज्जीवित संगीत नाटकातली नायिका मध्येच सोडून गेली, तर तिच्या जागी साठी उलटलेल्या गायिका-अभिनेत्रीला उभं करावं का, यावर आपल्या सदरात काही दिवस पत्रं येत आहेत. बहुतेकांचा सूर असा, की ही नाइलाजाची तडजोड आहे; नाव मोठं, म्हणून चार तिकिटं जास्त खपतात इतकंच. आम्ही दोघं साथीला बसणारे, एक ऑर्गनवर, एक तबल्यावर. आमच्या मते वयावरचा हा वादच आडरानात गेला आहे. बाई आल्यावर नाटक नव्यानं बसवलं जातं की नुसती जाहिरात बदलते, हे पाहायला हवं.

न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरचं एक उदाहरण घेऊ. स्टीफन सॉन्डहाइम यांचं ‘अ लिटल नाइट म्युझिक’ हे संगीतक मूळ १९७३चं. लंडनच्या एका छोट्या नाट्यगृहात ट्रेव्हर नन यांनी ते पुन्हा उभं केलं आणि डिसेंबर २००९मध्ये ते ब्रॉडवेवर आलं. नायिका डेझिरे म्हणून कॅथरीन झीटा-जोन्स आणि तिच्या आईच्या भूमिकेत अँजेला लॅन्सबरी. १३ जून २०१०ला झीटा-जोन्सना ब्रॉडवेचा मानाचा टोनी पुरस्कार मिळाला आणि आठवड्याभरात, २० जूनला, दोघींचा शेवटचा प्रयोग झाला. १३ जुलैला पडदा पुन्हा उघडला तो बर्नाडेट पीटर्स आणि एलेन स्ट्रिच यांना घेऊन. चाळिशीच्या नायिकेच्या जागी बासष्ट वर्षांची, चौऱ्याऐंशीच्या आईच्या जागी पंच्याऐंशीची. बदली कलाकार आधीच्यापेक्षा वयानं मोठ्या, आणि तरी नाटक पुढं जानेवारी २०११पर्यंत चाललं.

हे निभलं, कारण संहितेनंच वय मागितलं होतं. यातल्या वकिलानं अठरा वर्षांच्या मुलीशी दुसरं लग्न केलंय आणि त्याची जुनी मैत्रीण डेझिरे ही उमेद ओसरत आलेली नटी आहे. ती जितकी पिकलेली, तितकी त्या लग्नातली विसंगती उघडी पडते. आई तर चाकांच्या खुर्चीतच बसून असते. चालण्याचा, जिन्याचा, नाचाचा प्रश्न नाही. सगळं काम शब्दफेकीचं आणि नजरेचं.

आता हाच निकष ‘शारदा’ला लावा. देवलांचं १८९९चं नाटक कोवळी मुलगी आणि म्हातारा नवरा यांच्या वयातल्या अंतरावरच उभं आहे. तिथं शारदा म्हणून साठीच्या बाई आणल्या, तर त्या कितीही सुरेल असोत, म्हाताऱ्या नवऱ्याची, भुजंगनाथाची, खोडच उरत नाही. बालगंधर्वांनी उतारवयातही नायिका केल्या, हे उदाहरण इथं नेहमी दिलं जातं. पण तेव्हा पुरुषानं स्त्री होणं हाच मोठा संकेत होता. तो एकदा मान्य केला की वयाचा लहान संकेत त्याच्या पोटात मावायचा. आजचा प्रेक्षक तो करार करून खुर्चीत बसत नाही. ‘एकच प्याला’तली सिंधू मात्र लेकुरवाळी, सोसलेली, खचत गेलेली. तिथं पन्नाशी-पंचावन्नच्या बाई शोभतात, अनेकदा जास्तच शोभतात. तेव्हा ‘ज्येष्ठ अभिनेत्री घ्यावी का’ असं सरसकट विचारण्यात अर्थ नाही. नाटकागणिक, भूमिकेगणिक उत्तर वेगळं येईल.

आमचा खरा विषय पट्टी, म्हणजे गाणारा पेटीवरची जी पट्टी ‘सा’ धरून गातो ती. काळी चार म्हणजे सप्तकातली चौथी काळी पट्टी, पांढरी चार म्हणजे चौथी पांढरी. इथंच बहुतेक प्रयोग कोसळतात आणि प्रेक्षक म्हणतो, ‘बाईंचा आवाज गेला.’ आवाज गेलेला नसतो, खाली सरकलेला असतो. तरुणपणी काळी चारमध्ये गाणारी गायिका साठीनंतर पांढरी चारवर आली, तर त्यात नवल नाही. म्हणजे काळ्या-पांढऱ्या मिळून तीन पट्ट्या खाली. निर्मात्याला वाटतं, ऑर्गनवाला तीन पट्ट्या सरकून वाजवेल, झालं. ऑर्गनवाला वाजवेलही. पण काळ्या पट्टीवर बोटात बसलेली गत पांढऱ्या पट्टीवर वेगळी बोटं मागते आणि खालचे सूर घुमायला लागून गाणारीचा आवाज झाकतात. एखादा स्टॉप (सुरांचा खटका) बंद करून भाता हलका ठेवावा लागतो. तबल्याचं दुखणं वेगळं. काळी चारचा तबला तीन पट्ट्या उतरवला, की वाद्या (ताणाच्या चामडी पट्ट्या) सैल पडतात, किनार बोलेनाशी होते आणि ठेक्याचा नुसता ‘धप’ उरतो. मोठ्या तोंडाचा दुसरा तबलाच हवा. तो लावून शेजारी ठेवायचा, म्हणजे प्रत्येक पदाआधी ठोकाठोकी नको.

सगळ्यात अवघड युगुलपद, म्हणजे दोघांनी मिळून गायचं पद. त्याचे दोन मार्ग. एकतर दोघांनी एकच पट्टी धरायची, नाहीतर नायकाचा मध्यम (म) तो नायिकेचा षड्ज (सा) करायचा. दुसऱ्या मार्गानं नायक काळी दोनमध्ये आणि नायिका काळी चारमध्ये असली, की मामला चोख बसतो, कारण काळी दोनचा शुद्ध मध्यम म्हणजेच काळी चार. बाई पांढरी चारवर आल्या, की तोच सूर नायकाचा रिषभ (रे) होतो आणि पदाची जुळणी मोडते. नायकाला पांढरी एकवर उतरवलं, तर हिशेब जुळतो, पण त्याचा मंद्र (खालचा) सप्तक पुटपुटल्यासारखा होतो. अशा वेळी तेवढ्या एका पदापुरतं नायिकेनं काळी तीन घ्यावी आणि नायकानं काळी एक. बाईंना एक पट्टी चढ, नायकाला दोन पट्ट्या उतार. दोघंही थोडे अवघडतात, पण पद शाबूत राहतं. हे तालमीत बसून ठरवायचं असतं. प्रयोगाच्या दिवशी रंगपटात चहा घेताना नाही.

आणखी एक बारकावा. पदाआधीच्या शेवटच्या वाक्याखाली ऑर्गन हळूच षड्ज देतो आणि मुरलेला नट ते वाक्य त्या सुराकडे झुकवत आणतो. पट्टी बदलली, की फक्त गाणारीनं नाही, तर तिला वाक्य देणाऱ्या समोरच्या नटानंही नवा षड्ज कानात बसवायला हवा. नाहीतर तो जुन्या सुरात वाक्य टाकतो आणि पहिली ओळ पडते. दोष बाईंच्या माथी.

दमाचंही तसंच. ‘सेंड इन द क्लाउन्स’ हे या संगीतकातलं गाजलेलं गाणं सॉन्डहाइमनी १९७३मध्ये तालमी चालू असताना ग्लिनिस जॉन्स यांच्यासाठी लिहिलं. त्यांना लांब सूर धरून ठेवता येत नसे, म्हणून ओळी मुद्दाम तुटक ठेवल्या, प्रश्नासारख्या, मध्ये श्वासाला जागा. तीच रचना पुढं प्रत्येक वयाच्या गायिकेला सोयीची ठरली. म्हणजे गळा बघून गाणं बेतणं हा कमीपणा नाही, ते रचनाकाराचं कामच आहे. १९७०मध्ये ब्रॉडवेवरच्याच ‘हॅलो, डॉली!’ या संगीतकाच्या मूळ प्रयोगांत एथेल मर्मन शेवटची डॉली, म्हणजे नायिका, म्हणून आल्या, तेव्हा मुळात त्यांच्यासाठी रचून बाजूला ठेवलेली दोन गाणी परत घातली गेली. आपल्याकडे उलटं होतं: पदं कापतात. तीन अंतऱ्यांचं पद एका अंतऱ्यावर आणतात आणि उरलेल्या वेळात तानांची आतषबाजी मागतात. साठीच्या गायिकेकडून नेमकं याच्या उलट घ्यायला हवं. ताना कमी, शब्द पूर्ण, लय किंचित सैल आणि दोन ओळींमध्ये साथीदारानं भरलेली जागा, म्हणजे श्वासाची सोय होते आणि पदाचा अर्थही पोचतो. वन्स मोअर आला, तर पूर्ण पद नको. अस्थायी आणि शेवटचा अंतरा पुरे.

तालमीबद्दल. ब्रॉडवेवर बदली कलाकार बहुतेक काळ रंगमंच व्यवस्थापक आणि सहायक दिग्दर्शकाकडून, नोंदवहीतल्या हालचालींवरून शिकतो. पहिल्या प्रयोगाआधी एक तालीम संपूर्ण संचासह होते. ‘नाइट म्युझिक’मध्ये आई आणि मुलगी दोन्ही एकदम बदलल्या, म्हणून मधले तीन आठवडे मोलाचे. आपल्याकडे आठवड्याला आठ प्रयोग नसतात, शनिवार-रविवारचे असतात. त्यामुळे निर्माता म्हणतो, वेळच वेळ आहे. पण पंधरा दिवसांच्या अंतरानं होणाऱ्या प्रयोगात जुळलेलं सगळं विस्कटतं. आमचा अनुभवसिद्ध हिशेब असा: पट्ट्या ठरवायला दोन बैठका, फक्त पदांच्या चार तालमी, गद्यासह तीन, आणि वेशभूषा, प्रकाश, नेपथ्य धरून निदान एक रंगीत तालीम. पुढं प्रत्येक प्रयोगाच्या आदल्या दिवशी पदांवर तासभर. विंगेतल्या प्रॉम्प्टरवर भिस्त ठेवू नये. पदाचा शब्द चुकला, तर प्रॉम्प्टर लयीत सांगू शकत नाही.

एकाच दिवशी दुपारचा आणि रात्रीचा असे दोन प्रयोग अशा गायिकेला लावू नयेत. ‘हॅलो, डॉली!’च्या २०१७च्या पुनरुज्जीवनात बेट मिडलर मुख्य नायिका असताना मंगळवार रात्रीचा प्रयोग डोना मर्फी करत आणि तसं आधी जाहीर असे. प्रेक्षक चिडले नाहीत. पुढं काही महिने बर्नाडेट पीटर्स डॉली झाल्या आणि शेवटच्या आठवड्यांत मिडलर परतल्या. आपल्याकडे ऐनवेळी बाईंचा घसा बसला, की मंडळी हात जोडून प्रयोग रद्द करतात. कारण राखीव गायिका तयार नसते, किंवा असते ती काळी चारची. राखीव मुलगी ठेवायचीच, तर तिच्या पट्टीतही सगळी पदं साथीदारांनी बसवलेली हवीत. दोन पट्ट्या, दोन तबले, ऑर्गनवर दोन पट्ट्यांची लिहून ठेवलेली यादी. खर्च फार नाही, डोकं लागतं.

रंगमंचावरच्या चार गोष्टी थोडक्यात. वरून उभा पडणारा प्रकाश डोळ्यांखाली सावल्या पाडतो. समोरून मऊ प्रकाश वाढवला, की दहा वर्षं जातात. अंधारातल्या प्रवेशबदलात जमिनीवर चमकपट्टी आणि हात धरायला एक माणूस. महालाच्या पायऱ्या सहा इंचांहून उंच नकोत आणि नऊवारी शालूचा काठ त्यात अडकतो, म्हणून तालीम शालूतच. टांगत्या माइकवर गाणाऱ्या पिढीच्या गळ्याला कॉलर माइक लावला, तर श्वास ऐकू येतो; तो ओळींच्या मध्ये खाली घेणारा जाणता ध्वनिसंयोजक हवा.

राहता राहिली जाहिरात. ‘ज्येष्ठ’ आणि ‘खास आग्रहास्तव’ हे शब्द तेवढे काढा. नाव ठसठशीत छापा, कोणत्या तारखांना त्या आणि कोणत्या तारखांना दुसरी गायिका, हे खाली स्पष्ट लिहा. आणि पहिल्या प्रयोगाची तारीख रंगीत तालीम झाल्यावर द्या. सध्या तारीख आधी सुटते, मग आम्हाला फोन येतो, ‘बाई कुठल्या पट्टीत गातात हो?’

आपले,
ऑर्गन आणि तबल्याच्या साथीला बसणारे दोघे
सदाशिव पेठ, पुणे