अण्णांच्या स्कूटरचा वास

प्रिय बाळा,

तू पाठवलेला नव्या इलेक्ट्रिक गाडीचा व्हिडिओ तीनदा बघितला. गाडी छान आहे, घे, उगाच माझ्या होकाराची वाट बघत बसू नकोस. पण मला पहिला प्रश्न काय पडला सांगू, की हिला वास कसला येत असेल? हसशील तू, हस.

झालं असं की गेल्या आठवड्यात अण्णांच्या स्कूटरवरचं कव्हर काढलं, डिकी उघडली आणि तिथेच खाली बसले. आत काय, टू-टीची, म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळायच्या ऑइलची, चिकट बाटली, दोन जुने प्लग, पॉलिश पेपरचा तुकडा आणि एक काळंकुट्ट फडकं. फडकं नाकाशी नेलं आणि मी एकदम आठ वर्षांची. वासाचं असंच असतं म्हणे, बघितलेलं ऐकलेलं सगळं मेंदूत आधी थॅलॅमस नावाच्या चौकीवर थांबून पुढे जातं, वास मात्र चौकी चुकवून थेट आठवणींच्या घरात घुसतो.

अण्णा लिटरला २० मिली ऑइल मोजून घालायचे आणि मग ते पेट्रोलमध्ये नीट मिसळावं म्हणून स्कूटर दोन्ही हातांनी धरून डावी-उजवी हलवायचे, मी मागचं सीट धरून लटकायचे आणि मला वाटायचं मीच हलवतेय. किक मारली की आधी कच्च्या पेट्रोलचा वास, चोक ओढलेला असायचा ना, आणि मग तो निळा धूर, गोडसर पण घशाला लागणारा. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबरच जळतं, आणि धूर बाहेर जायची वाट उघडी असतानाच नवं मिश्रण आत येतं त्यामुळे त्यातलं थोडं न जळताच निसटतं, म्हणून तो वास धड जळलेलाही नसायचा आणि धड कच्चाही नसायचा. जुन्या रेसच्या गाड्यांचं तर आणखी भारी, त्यात चक्क एरंडेल असायचं! कॅस्ट्रॉल हे नावसुद्धा कॅस्टर ऑइलवरूनच आलंय, १९०९ मध्ये. जळलेल्या एरंडेलाच्या वासासाठी लोक अजून वेडे होतात, मला प्यायचं म्हटलं तरी अंगावर काटा यायचा.

अण्णा गाडी नाकाने तपासायचे. चालत्या गाडीत मान वर करून म्हणायचे, क्लच जळतोय, आणि जळतच असायचा. गोड वास आला की कूलंट गळतंय, गंधकासारखा उग्र आला की गिअर ऑइल, नुसता तापलेला करपट आला की हँडब्रेक सोडायचा राहिलाय (हा बहुतेक वेळा माझ्यामुळे).

हे सगळं आठवत बसले आणि लक्षात आलं की अरे, हे सगळे वास म्हणजे शेवटी गळतीच की! काहीतरी निसटतंय म्हणून तर ते नाकापर्यंत येत होतं. इंजिन बंद केल्यावर गरम कार्बुरेटरमधलं पेट्रोल उडायचं, क्रँककेसची, म्हणजे इंजिनच्या खालच्या पेटीतली, वाफ नळीने सरळ रस्त्यावर सोडलेली असायची. मग हळूहळू एकेक भोक बुजवलं, टाकीची वाफ कोळशाच्या डबीत अडवून परत इंजिनलाच पाजली, सायलेन्सरच्या वाटेवर धुरातलं विष कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. त्याला शिसं चालत नाही, म्हणून पेट्रोलमधलं शिसंही जायला लागलं, १९२१ मध्ये इंजिनची ठकठक थांबवायला ज्याचा उपयोग शोधून कौतुक झालं होतं ते शेवटच्या पंपावरून, अल्जीरियात, जायला २०२१ उजाडलं. शंभर वर्षं बघ. आणि पेट्रोलचा तो गोड वास, तो बऱ्याच अंशी बेन्झीनसारख्या गोष्टींचा, ज्याने रक्ताचा कॅन्सर होतो. आम्ही ते छाती भरून घ्यायचो.

त्यामुळे जुनंच बरं होतं वगैरे मी म्हणणार नाही, खोटं होईल ते. वाईट मात्र वाटतं, आता त्याला काय करू.

टाकीतलं जुनं पेट्रोल मी काढून टाकलंय, त्याला पेट्रोलचा वासच राहिला नव्हता, शिळ्या वॉर्निशसारखं झालं होतं. कार्बुरेटरमध्ये तेच डिंकासारखं धरलं असणार, जेट, म्हणजे पेट्रोल जायचं बारीक भोक, बुजला असेल, ते खोलायला तू ये, माझी बोटं आता एवढ्या बारीक कामाला चालत नाहीत. येताना टू-टी आण, बाटली रिकामी आहे. सुरू झाली तर बाहेर उघड्यावरच करायची, आणि धुराच्या मागे उभं राहायचं नाही, मी एकटी राहीन जरा वेळ.

ते फडकं धुतलेलं नाही. तूही धुवू नकोस.

तुझी,
आई