कुंडी नंबर १९ च्या जागी मी पडले: मंत्री महोदयांना खुलं पत्र

मा. मंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मी डाव्या अंगठ्याने आणि मधेमधे फोनला बोलून टाइप करतेय, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. उजवा हात प्लास्टरमध्ये आहे. मनगटाचं हाड मोडलंय, सहा आठवडे हात हलवायचा नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय. मी परळला राहते, चाळीत तळमजल्यावर, आणि पोळीभाजीचे डबे देते. रोज दीडशे पोळ्या. आता दीडशे पोळ्या लाटणाऱ्या बाईला हात हलवू नका म्हणणं म्हणजे काय हे तुम्हाला कळेल असं धरून पुढे लिहिते.

तुम्ही आमच्या गल्लीत आला होतात, आठवतंय का? जानेवारीत, जगभरातल्या शहरांच्या एका नेटवर्कचे परदेशी पाहुणे घेऊन. शाश्वत शहर विकास की काय ते. कुठलं नेटवर्क त्याचं नाव मी घेत नाही, त्या बिचाऱ्यांचा काही दोष नाही, ते आले, हसले, वडापाव खाल्ला, तिखटाने नाक पुसलं आणि गेले. तुम्ही माइकवरून सांगितलंत की ही गल्ली मॉडेल स्ट्रीट होणार, पावसाच्या आधी पूर्ण फूटपाथ नवा करून देऊ आणि ही हिरवाई कायम इथेच राहणार. टाळ्या वाजल्या. मी पण वाजवल्या, तेव्हा दोन्ही हात होते.

ती हिरवाई म्हणजे चोवीस कुंड्या. सिमेंटच्या, गेरू लावलेल्या, पांढऱ्या ऑइलपेंटने नंबर घातलेल्या, आत अरेका पाम. आदल्या रात्री अकराला टेम्पोतून उतरवल्या. मुकादम पोरांना ओरडत होता, अरे तिकडं नको, इकडं सरकव, अजून थोडी, हां बसली. तेव्हा मला वाटलं काय कलाकार माणूस आहे, एका रेषेत लावतोय. नंतर कळलं की तो रेषेत लावत नव्हता, जिथे जिथे पेव्हर ब्लॉक निघालेत तिथे तिथे बरोब्बर एकेक कुंडी बसवत होता. पाहुणे गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी तोच टेम्पो आला आणि सगळ्या कुंड्या उचलून घेऊन गेला. मी विचारलं तर म्हणे, ताई, ह्या परत जमा करायच्या असतात.

तर मागच्या सोमवारी पहाटे पावणेसहाला मी दादरहून भाजी घेऊन येत होते. एका हातात मेथीच्या आठ जुड्या, दुसऱ्या हातात मटारची पिशवी. रात्री पाऊस झालेला, फूटपाथवर पाणी, खाली काय आहे ते दिसत नव्हतं. जिथे कुंडी नंबर १९ होती तिथे माझा पाय गेला. नंबर मला पक्का आठवतो कारण ती आमच्या दाराच्या बरोबर समोर होती आणि त्या तीन दिवसांत मीच तिला पाणी घालत होते. पडताना माणूस हात टेकतो, मी टेकला. आवाज झाला तो मला वाटलं लाकडी फळी मोडली. मटार सगळे रस्त्यावर. एक रिकामी बस त्यावरून गेली.

मंत्री महोदय, तुम्हाला वाटेल एका बाईच्या मनगटावरून कुठे जागतिक गोष्टी काढता. पण मी बसल्या बसल्या करणार काय? भाचा बी.एस्सी. करतोय, त्याला सांगितलं, बाबा, हे नेटवर्क-नेटवर्क काय प्रकरण आहे ते मला वाचून दाखव. त्याने चार दिवस वाचून दाखवलं. आता मला तुमच्या भाषणापेक्षा जास्त माहिती आहे.

अशी नेटवर्कं बरीच आहेत. एक इक्ली, १९९० पासूनचं, मुख्य ऑफिस जर्मनीत बॉनला, अडीच हजारांच्या वर शहरं आणि स्थानिक संस्था त्यात. दुसरं सी-४०. ते २००५ च्या ऑक्टोबरात लंडनला सुरू झालं, तिथले तेव्हाचे महापौर केन लिव्हिंगस्टन यांनी १८ शहरं बोलावली होती. २००५! म्हणजे ज्या वर्षी २६ जुलैला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि माझे मिस्टर सायनपासून छातीभर पाण्यातून चालत दुसऱ्या दिवशी घरी पोचले, त्याच वर्षी तिकडे बैठक बसली की शहरांचं काय करायचं. चांगलंच केलं, कुणीतरी बसायलाच हवं होतं. पुढच्या वर्षी शहरं चाळीस झाली म्हणून नाव सी-४०, आज सभासद शहरं शंभराच्या घरात, नाव मात्र तेच. आपल्या लोकलच्या डब्यासारखं, बाहेर लिहिलेला आकडा वेगळा आणि आत माणसं वेगळीच. मुंबई त्यात आहे.

आणि हे नेटवर्क कुणाचं, तर महापौरांचं. आता हसू नका. मुंबई क्लायमेट ॲक्शन प्लॅन, म्हणजे बदलत्या हवामानाला तोंड द्यायचा शहराचा आराखडा, जाहीर झाला १३ मार्च २०२२ ला. त्याच्या आदल्याच आठवड्यात महापालिकेची मुदत संपली, नगरसेवक गेले, महापौर गेल्या, प्रशासक आले. पुढे साडेतीन वर्षांहून जास्त काळ मुंबईला महापौरच नव्हता. महापौरांच्या क्लबात बिनमहापौराचं शहर! लग्नाच्या हॉलात बँडबाजा आहे, जेवण आहे, आहेराची पाकिटं आहेत, नवरदेव तेवढा नाही. त्या काळात मी फूटपाथची तक्रार घेऊन जाणार कोणाकडे होते? नगरसेवकाच्या ऑफिसला कुलूप होतं.

प्लॅन वाईट आहे असं मी म्हणत नाही हं. भाच्याने वाचून दाखवला तेव्हा मला तर पटला. शहराचा २०१९ चा धूर, म्हणजे हवा तापवणारे वायू, मोजलाय, २ कोटी ३४ लाख टन, त्यातला सत्तर टक्क्यांच्या वर वीज आणि इमारतींतल्या इंधनाचा. २०३० पर्यंत ३० टक्के कमी करायचा, २०४० पर्यंत ४४ टक्के आणि २०५० ला नेट झिरो, म्हणजे जेवढा सोडू तेवढाच शोषून हिशोब शून्य, देशाच्या आधी वीस वर्षं. २०५० ला मी ऐंशी ओलांडलेली असेन. तेवढी राहिले तर काठी घेऊन बघायला येईन, फूटपाथ असला तर. त्यात पायी चालणाऱ्यांबद्दल लिहिलंय, झाडांबद्दल लिहिलंय, तुंबणाऱ्या पाण्याबद्दल लिहिलंय. सगळं बरोबर लिहिलंय. माझा पाय ज्या खड्ड्यात गेला त्याचा विचार बॉनमध्ये झालाय, लंडनमध्ये झालाय, फक्त आमच्या गल्लीत झाला नाही.

कारण या नेटवर्कांचं असं आहे की सभासद होणं ऐच्छिक. ते पद्धत शिकवतात, हिशोब कसा मांडायचा दाखवतात, या शहराची युक्ती त्या शहराला सांगतात. पण आमच्या वॉर्डातला पेव्हर ब्लॉक निघाला तर ते कुणाचे कान पिळू शकत नाहीत. त्यांच्याकडे पोचतो अहवाल. आणि अहवाल लिहितं कोण? ज्याने कुंड्या लावल्या त्याचेच भाऊबंद.

२०२१ सालासाठी मुंबईला 'ट्री सिटीज ऑफ द वर्ल्ड' हा मानही मिळाला होता. छान वाटलं होतं तेव्हा पेपरात वाचून. आमच्या कोपऱ्यावरच्या पर्जन्यवृक्षाच्या बुंध्याला सिमेंटचा गळफास लागलाय, तो सुटायची वाट बघत तो अजून उभा आहे, त्याला ही बातमी कुणी सांगितली नसावी.

पडल्यावर मी तक्रार केली. एका ऑफिसात गेले, तिथले साहेब म्हणाले हा फूटपाथ आमच्याकडे नाही, रस्त्यांच्या लोकांकडे जा. रस्त्यांचे म्हणाले खाली केबल टाकली त्यांनी बुजवायला हवं होतं. कोणत्या केबलवाल्यांनी? ते रेकॉर्ड बघायला लागेल. रेकॉर्डवाले लंचला. प्लास्टरवाला हात गळ्यात घेऊन तीन जिने, लिफ्ट बंद. शेवटी एक मुलगी, नवीन असावी, हळूच म्हणाली, काकू, ती गल्ली मॉडेल स्ट्रीट म्हणून पूर्ण झालेली दाखवलीय, त्यामुळे नवीन काम निघणार नाही. पूर्ण झालेली! म्हणजे मी ज्या खड्ड्यात पडले तो कागदावर नाहीच. मग माझं हाडही कागदावरच जोडलेलं दाखवा ना साहेब, मी उद्यापासून पोळ्या लाटते.

माझं काय चाललंय ते ऐका आता. गिऱ्हाइकं चाळीस होती, सोळा उरलीत. हाताखाली एक मुलगी ठेवली, तिला दिवसाचे चारशे देते, तिच्या पोळ्या कडेला जाड. परवा एका पारशी काकांनी डबा परत पाठवला, आत चिठ्ठी, नीट बरी हो, मग चालू करू. चांगला माणूस, पण त्या चिठ्ठीने मला रडू आलं. केस विंचरायला शेजारीण येते. ब्लाउजची बटणं... जाऊ दे, मंत्र्यांना काय काय सांगायचं.

आणि मला कुणी सांगू नये की पैसा नाही. महापालिकेचं २०२५-२६ चं बजेट ७४ हजार कोटींच्या वर होतं. पेव्हर ब्लॉक एक कितीला येतो? हार्डवेअरवाला म्हणाला तीस-चाळीसला, घाऊक घेतलात तर कमीच. माझ्या खड्ड्याला पाच लागतील. धरा दोनशे रुपये. ७४ हजार कोटींत दोनशे किती वेळा जातात ते भाच्याला काढायला सांगितलं तर कॅल्क्युलेटर एरर दाखवायला लागला.

मुळात या शहरात चालणारा माणूस माणसात धरतच नाहीत. निम्म्याच्या आसपास फेऱ्या मुंबईकर पायी करतो असं तुमचेच लोक सांगतात, आणि कोस्टल रोड कोणासाठी? मी त्यावरून चालत जाऊ शकते? बेस्टच्या गाड्या एके काळी चार हजारांच्या वर होत्या, आता तीन हजारांच्या खाली, आणि २०२५ च्या मे महिन्यात किमान तिकीट ५ चं १० झालं. धूर कमी करायचाय आणि बस कमी करताय, हे गणित लंडनच्या लोकांना दाखवलंत का? माझे सासरे मिलमध्ये होते, १९८२ च्या संपानंतर घरी बसले ते बसलेच. मिलच्या जागी टॉवर आले, टॉवरच्या तीन मजली पार्किंगला लिफ्ट आहे, आणि त्याच टॉवरच्या पोडियमवर पन्नास झाडं आहेत, तीही कुंड्यांतच, पण ती कुणी तिसऱ्या दिवशी उचलून नेत नाही. सासरे असते तर म्हणाले असते, तुझी कुंडी भाड्याची होती, त्यांची मालकीची.

मागणी विचाराल तर फार नाही. पाच ब्लॉक बसवा, वाळू नीट दाबून, नाहीतर पुढच्या पावसात परत निघतील. तो 'पूर्ण' शेरा काढा. माझी सहा आठवड्यांची बुडालेली कमाई मागितली तर तुम्ही फाइल काढाल, म्हणून ती मागत नाही. आणि पुढच्या वेळी पाहुणे आले की त्यांना पहाटे पावणेसहाला आणा, पाऊस पडून गेल्यावर, दोन्ही हातांत पिशव्या देऊन.

आपली,
परळची एक पोळीभाजीवाली

ता.क. हे लिहून होईपर्यंत बाहेर पानवाल्याने त्या खड्ड्यात झाडाची फांदी खोचून ठेवलीय, वर लाल चिंधी बांधून. अशोकाची आहे, पानं अजून ताजी आहेत. अहवालात हिरवाई म्हणून धरायची असेल तर आजच धरा, उद्या सुकेल.