आयता संघ कोणाला मिळाला?

महोदय,

रविवारच्या क्रीडा पुरवणीतला स्पेनच्या प्रशिक्षकांवरचा लेख वाचला. कालचा अख्खा दिवस तो डोक्यातून गेला नाही, म्हणून लिहितो. ग्वार्डिओला आणि शाबी अलोन्सो यांना दोन-दोन रकाने दिलेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण स्पेनला २०१०चा विश्वचषक आणि २०१२चा युरो (युरोपातल्या देशांची स्पर्धा) जिंकून देणारे प्रशिक्षक व्हिसेंते देल बोस्के यांची बोळवण एका वाक्यात? त्यांना आधीचे प्रशिक्षक आरागोनेस यांचा तयार संघ मिळाला, त्यांनी फक्त नावे लिहिली, एवढेच? म्हणजे आयत्या बिळावर नागोबा!

आरागोनेस यांनी २००८चा युरो जिंकून संघ घडवला, हे मान्य. मग २०१०च्या विश्वचषकात पहिल्याच सामन्यात स्वित्झर्लंडने ०-१ असे हरवले, तेव्हा हा तयार संघ कुठे गेला होता? त्या रात्री जो तो मधल्या फळीतल्या बुस्केट्सच्या नावाने खडे फोडत होता. अलोन्सो आणि बुस्केट्स, दोन-दोन बचावाचे हाफ कशाला, एकाला बसवा, अशी ओरड चालली होती. देल बोस्के यांनी उलट सांगितले की, मी खेळाडू असतो तर मला बुस्केट्ससारखे व्हायला आवडले असते. आणि पुढचे सामनेही दोघांना घेऊनच खेळले. उपांत्य फेरीत जर्मनीविरुद्ध फॉर्म हरवलेल्या टोरेसला बसवून पेद्रोला उतरवले. अंतिम सामन्यात तर बदली आलेले नावास, फाब्रेगास, टोरेस हे तिघेही त्या एकाच चालीत होते. नावास चेंडू घेऊन पळाला, फाब्रेगासने शेवटचा पास दिला आणि ११६व्या मिनिटाला इनिएस्टाने गोल मारला. मी स्वतः हाफ खेळलो आहे. हे नुसती नावे लिहून होत नाही, साहेब.

शिवाय २०१४मध्ये नेदरलँड्सकडून १-५ मार खाल्ला, तो मात्र लेखकाने देल बोस्के यांच्याच खात्यावर मांडला. विजय दुसऱ्याचा आणि पराभव यांचा, हा कुठला न्याय?

पण मला सर्वांत जास्त लागले ते २००३ गाळल्याचे. खेळाडू म्हणून रेआल माद्रिदला पाच लीग जिंकून दिलेला, मग वर्षानुवर्षे क्लबची पोरे घडवणारा, प्रशिक्षक म्हणून २००० आणि २००२ची युरोपातल्या क्लबांची चॅम्पियन्स लीग आणणारा हा माणूस. २२ जूनला लीग जिंकली आणि २३ जूनला हातात नारळ दिला! अध्यक्ष पेरेझ यांना त्यांची पद्धत जुनी वाटत होती. नवे आले कार्लोस केइरोझ, संघ चौथा आला, वर्षभरात तेही गेले. पुढच्या लीगसाठी माद्रिदला २००७ उजाडावे लागले.

मी एका शाळेत बावीस वर्षे मुलांना फुटबॉल शिकवला. ज्या वर्षी आमची पोरे जिल्ह्यात पहिली आली, त्याच जूनमध्ये मला केबिनमध्ये बोलावून सांगितले की, आता सर्टिफिकेटवाला तरुण प्रशिक्षक घेतो आहोत, तुम्ही कवायतीचे तास बघा. आम्ही जिंकलेला चषक समोरच्या टेबलावर होता. सत्काराचा हार अजून त्याच्या गळ्यात होता, झेंडू वाळून काळा पडला होता. मी बोलत काहीच नव्हतो, त्या हाराकडे बघत होतो. शाळेचे नाव लिहीत नाही, पण तुमच्या लेखकाने एका वाक्यात जे उडवले, ते वाचताना मला तो हार दिसला. विश्वचषक, युरो आणि चॅम्पियन्स लीग या तिन्ही स्पर्धा जिंकलेला दुसरा प्रशिक्षक दाखवा, मी माझे शब्द मागे घेतो.

आणखी एक. त्याच लेखात त्यांचे नाव एकदा ‘डेल बॉस्क’ आणि खाली ‘डेल बॉस्की’ असे छापले आहे. क्रिकेटपटूच्या नावातली एक वेलांटी चुकली तर तुमच्याकडे दुसऱ्या दिवशी दिलगिरी येते. इथे विश्वविजेत्या प्रशिक्षकाचे नाव एका लेखात दोन तऱ्हांनी चुकते आणि कोणाला पत्ता नाही. उच्चार ‘देल बोस्के’ असा आहे. तेवढी दुरुस्ती या आठवड्यात जरूर छापावी.

– आपला तीस वर्षांचा वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर