कळस दिसला की पुरे म्हणणाऱ्या मावशींना

मावशी, सा. नमस्कार.

तुमचा नंबर माझ्याकडे नाही. नावही विचारायचं राहिलं. तुमच्या मुलाची डायलिसिसची शिफ्ट बदलली आणि आपली गाठ पडेनाशी झाली. कुणीतरी तुम्हाला वाचून दाखवेल, या आशेवर हे लिहितेय.

सोम-बुध-शुक्र, चार-चार तास. आत ह्यांचं आणि तुमच्या मुलाचं डायलिसिस, बाहेर बाकड्यावर आपण दोघी. दिवसभराचं पाणी सकाळीच बाटलीत मोजून ठेवायचं, तहान अनावर झाली तर बर्फाचा खडा द्यायचा, रोज उठल्याबरोबर फिश्चुलावर (डायलिसिससाठी हातातली शीर आणि धमनी जोडतात त्या जागेवर) बोटं टेकवून थरथर लागते का बघायचं, हे सगळं तुम्ही शिकवलंत. त्या थरथरीला तुम्ही "विठ्ठल विठ्ठल चाललंय" म्हणायचात. आजही ह्यांच्या मनगटावर बोटं ठेवली की मला तेच ऐकू येतं.

तीन वर्षं किडनीसाठीच्या यादीत ह्यांचं नाव होतं. एका रात्री फोन आला, किडनी आहे, लगेच या. धावत गेलो. क्रॉसमॅच पॉझिटिव्ह आली, म्हणजे ह्यांचं शरीर ती किडनी स्वीकारणार नव्हतं. ती दुसऱ्या कुणाला मिळाली. पहाटे घरी येऊन मी देवघराचं दार लावून घेतलं. सोळा सोमवार, पारायणं, नवस, सगळं पाण्यात गेलं असं वाटलं.

बुधवारी तुम्हाला म्हटलं, देव ऐकतच नाही. तुम्ही समजूत घातली नाहीत. बराच वेळ वाती वळत बसलात. मग म्हणालात, "ज्या घरातलं माणूस गेलं, त्यांनी रडत रडत दिलं. आन् ज्याला मिळालं, त्याच्या घरी आज दिवा लागला आसंल. त्यांच्यासाठी हात जोडलेस का गं?"

नव्हते जोडले, मावशी. किडनी मिळू दे म्हणताना त्याच दिवशी कुठल्यातरी घरात आकांत होणार, हे तीन वर्षांत एकदाही मनात आलं नव्हतं. त्या संध्याकाळी दार उघडून दिवा लावला, आधी त्या घरासाठी, मग ह्यांच्यासाठी.

आषाढीला तुम्ही पंढरपूरला जायचात, पण मुलाचं डायलिसिस चुकू नये म्हणून दर्शनबारीला उभ्या राहायचा नाहीत. नामदेव पायरीला माथा टेकवून, चोखोबांच्या समाधीला हात लावून, कळस बघून रात्रीच्या एसटीने माघारी. वाईट नाही वाटत? म्हटल्यावर म्हणालात, "चोखोबांनी जन्मभर भाईरूनच बघितला. त्यांना लोकांनी आडवलं, इठ्ठलानं न्हाई." ते दार सगळ्यांना उघडायला साने गुरुजींचं १९४७ सालचं उपोषण व्हावं लागलं. चोखोबा तोवर ६०० वर्षं दाराशीच होते. माझी तीन वर्षं मी त्यांच्या पायाशी ठेवली.

ह्यांचं नाव अजून यादीतच आहे. मी मात्र माझा अवयवदानाचा अर्ज भरला.

मुलगा कसा आहे? तुम्ही नेलपॉलिशने रेघ मारून दिलेली ती बाटली आम्ही अजून वापरतो.

तुमची,
बाकड्यावरची पोरगी